बिजल्याचा वकील

जालिंदरने पेनाचे टोपण काढले, स्टॅम्पपेपरवर सहीची जागा शोधली आणि एकदम मान वर करून विचारले, "पर टेम्पो कधी धाडताय, ताई?"

"टेम्पो कशाला?" इंद्रायणी म्हणाली.

"आता! बैल न्यायला."

गोठ्याच्या दारात जालिंदरची आई बानूबाई पदराने डोळे पुसत होती. तिच्या मागे बिजल्या उभा. अंगावर झूल, शिंगांना ताजा रंग, कपाळावर हळदकुंकू, तोंडात कडबा. मघाशी हे सगळे पाहून इंद्रायणीला वाटले होते, फोटोसाठी सजवला असेल, किती हौशी माणसे! आता तिला उलगडा झाला. ही फोटोची तयारी नव्हती. ही बैलाची पाठवणी होती.

"अहो, बैल कुणी विकत घेत नाहीये! कंपनीला फक्त त्याचा फोटो आणि नाव पाहिजे. मोबाईलमधल्या गेमसाठी."

"मंग स्टॅम्प कशाला आनला?"

या प्रश्नावर अंगणात जमलेल्या पंधरा-वीस माणसांनी माना डोलावल्या. महाळुंगे पडवळ गावात स्टॅम्पपेपर निघाला म्हणजे काहीतरी कुणाच्या तरी हातातून जाणार, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होते.

बाजेवर इंद्रायणीचे वडील भगवंत बसले होते. ते छपराकडे बघत राहिले. निरगुडसरहून निघतानाच त्यांनी तिला बजावले होते, "ही सही झाली तर झाली. नायतर एक तारखेपासून घोडेगावच्या कोर्टात भागू वकिलांच्या हाताखाली बसायचं." आणि ती रागाच्या भरात "बरं!" म्हणून बसली होती.

त्यांचेही काही चुकत नव्हते म्हणा. बांधाच्या केसपायी बावीस वर्षे त्यांनी घोडेगावच्या तारखा केल्या होत्या. वकील म्हणजे काळा कोट, कडक आवाज आणि मागे धावणारे पक्षकार. त्यांची लेक मात्र पुण्यात अर्धे टेबल भाड्याने घेऊन टीव्हीवाल्यांचे, कॉम्प्युटरवाल्यांचे आणि गेमवाल्यांचे करार लिहायची. कोर्टाची पायरी ती वर्षभरात एकदाही चढली नव्हती. कोणी विचारले तर भगवंत सांगायचे, "मोठ्या केशी असत्यात तिच्या." आणि विषय पावसापाण्यावर न्यायचे. आज पहिल्यांदाच ते तिचे काम बघायला आले होते. ही गेमची कंपनी तिची पहिली आणि एकुलती एक मोठी पक्षकार होती.

शेजारच्या हौशीरामने जालिंदरच्या हातून कागद घेतला आणि बैलगाडा शर्यतीच्या घाटातल्या निवेदकाच्या थाटात वाचला. "सदर बैलाचे नाव, चेहरा व धावण्याची ढब यांचे सर्व हक्क कंपनीस कायमस्वरूपी देण्यात येत आहेत!"

जालिंदरने पेनाला टोपण लावले.

"नाव घेतलं," जालिंदर बोटे मोजत म्हणाला, "तोंड घेतलं, चाल घेतली. मंग माज्याकडं र्‍हायलं काय, ताई? शेण?"

सगळे खदखदा हसले. इंद्रायणीही हसली, पण तिचे हसू मध्येच विरले. हेच वाक्य तिने एका गायिकेसाठी लिहिले होते, दोन नटांसाठी लिहिले होते. त्या सगळ्यांनी चहा पिता पिता सह्या केल्या होत्या. मागे काय उरते, असे एकानेही विचारले नव्हते. आणि खरे सांगायचे तर लिहिताना तिनेही स्वतःला विचारले नव्हते.

"ताई कंपनीच्या वकील," हौशीराम म्हणाला. "मंग बिजल्याचा वकील कोन?"

हळूहळू सगळ्या नजरा बाजेकडे वळल्या. बावीस वर्षे कोर्ट बघितलेला माणूस त्या अंगणात एकच होता.

"माज्याकडं काय बघताय?" भगवंत म्हणाले. "माजी लेक हाय ती."

"मंग तर बरंच की, भगवंतराव," बानूबाई म्हणाली. "लेकीशी कुनी खोटं बोलत न्हाई."

भगवंतांनी टोपी सारखी केली, चष्मा लावला आणि बाजेवरून उठून जालिंदरच्या शेजारी, म्हणजे लेकीच्या बरोब्बर समोर, मांडी घालून बसले. इंद्रायणीने डोळे मोठे करून बघितले. त्यांनी तिला ओळख दाखवली नाही.

"कंपनीच्या वकीलबाई," ते घसा खाकरून म्हणाले, "कायम म्हंजी कुटवर? बैलाच्या हयातीपर्यंत का कंपनीच्या?"

"कंपनीच्या, आबा."

"हितं आबा न्हाई. कंपनी मेली तर?"

इंद्रायणीने कराराची पाने चाळली. कंपनी बुडाली तर बिजल्याचे नाव कुणाकडे जाणार, हे करारात कुठेच नव्हते. पाच वर्षे कायद्याची पुस्तके वाचून तिच्या लक्षात न आलेली फट आबांना चष्म्याच्या एका काचेला तडा असूनही दिसली होती.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "आणि कंपनी बंद पडली तर सगळं परत जालिंदरभाऊंकडे."

"लिवा," भगवंत म्हणाले.

तिने लिहिले. मग जालिंदरला जोर चढला. त्याने गेम बघायला मागितला. तिने मोबाईल पुढे केला. पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचा एक तांबूस बैल धावत होता. जालिंदरने बटणे दाबली, दात आवळले, अंगाला झोके दिले आणि बिजल्या दुसरा आला.

"हारला?" जालिंदर उभाच राहिला. "माजा बिजल्या? त्यो कदी हारायचा न्हाई असं लिवा आदी!"

"लिवा," भगवंत म्हणाले.

"नाही लिहिणार." इंद्रायणीचा आवाज असा चढला की बिजल्यानेही खाणे थांबवले. "दर वेळी तोच जिंकला तर गेम खेळेल कोण? घाटात बारी कोण मारणार हे आधीच ठरलेलं असतं, तर तुम्ही उन्हात चार-चार तास उभे राहिला असतात का? हौशीरामभाऊ, तुम्ही सांगा. गेल्या यात्रेत बिजल्या हरला, त्याच्यावर तुम्ही किती दिवस बोलत होतात?"

"आजून बोलतोय," हौशीराम म्हणाला.

"मग? हरतो म्हणून तर त्याच्या जिंकण्याला किंमत आहे!"

भगवंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. या वेळी ते "लिवा" म्हणाले नाहीत.

"हारू द्या," बानूबाई मोबाईलवर वाकून म्हणाली. "पर ह्ये पाच नंबर दाबल्यावर काय व्हतंय?"

"चाबूक," इंद्रायणी हळू आवाजात म्हणाली.

"ह्या घरात त्याच्यावर कुनी हात उगारला न्हाई, बाई."

यावर वाद घालावा असे इंद्रायणीला वाटलेच नाही. 'चाबूक काढून तेथे हाक घालावी,' तिने आपणहून लिहिले. कंपनीची वकील म्हणून हे बरोबर होते का, ते तिला कळेना. पण हात अडखळला नाही.

ती कागद पुढे सरकवणार, तेवढ्यात भगवंतांनी हात वर केला. "सोमवारचं र्‍हायलं."

"सोमवारचं काय?"

"सोमवारी आपल्याकडं बैल जुपत न्हाईत. म्हादेवाचा वार. सोमवारी बिजल्या पळनार न्हाई."

"आबा, तो खरा बैल नाहीये!"

"मंग नाव खर्‍या बैलाचं कशाला घेतलं?"

अंगणाने एकमुखाने "हां!" केले. इंद्रायणीने दहा मिनिटे झुंज दिली, शेवटी पुण्याला फोन लावायला उठली. रेंज फक्त बैलगाडीवर चढून मिळत होती. ती कोर्टात तारखेला उभी असल्यासारखी गाडीवर उभी राहिली, एका हाताने दांडी धरून, आणि सगळे गाव खालून ऐकत होते.

"हो, दर सोमवारी. नाही, बंद नाही ठेवायचा... बसलेला दाखव. हो रे, रवंथ करतोय असा... मंगळवारी उठेल!" पलीकडून होकार आला. मग तिने अंगठा वर केला आणि खाली हलगी नसताना हलगी वाजल्यासारखा गलका झाला.

जालिंदरने सही केली. बानूबाईने कागदाला हळदकुंकू वाहिले, त्यातले थोडे सहीवर सांडले. साक्षीदाराच्या जागी भगवंतांना सही करायची होती. त्यांनी 'साक्षीदार' हा शब्द खोडला, वर लिहिले, 'बैलातर्फे', आणि मग सही ठोकली.

परतीला स्कूटर इंद्रायणीच चालवत होती. आबा मागे बसले होते. सही झाली होती, पण दोन पानांचा करार पाच पानांचा झाला होता आणि निम्म्या अटी कंपनीच्या विरुद्ध होत्या. याला जिंकणे म्हणायचे की हरणे? मंचरच्या चौकात तिने चहासाठी स्कूटर थांबवली.

"भागू वकिलांकडं नको जाऊ," भगवंत बशीत चहा ओतत म्हणाले.

"का?"

"तिथं समोरच्याचं कुनी ऐकून घेत न्हाई. बावीस वर्सं माजं कुनी ऐकलं न्हाई. तू ऐकून घेतलंस." त्यांनी फुर्रकन घोट घेतला. "अन् मंग हानलंस. त्या हारण्याच्या मुद्द्यावर."

इंद्रायणीने उगाच बिस्कीट बुडवले आणि ते चहात पडले.

गेम निघाला. सोमवारी बसून राहणाऱ्या बैलाची कंपनीत आधी चेष्टा झाली, मग लोक मुद्दाम सोमवारी तो उघडून बघू लागले. दोन महिन्यांनी, एका सकाळी, इंद्रायणी पुण्यात आपल्या अर्ध्या टेबलापाशी बसली होती, तेव्हा आबांचा फोन आला. मागे बरीच माणसे बोलत होती.

"शनवारी घरी ये. नारायणगावची तमाशाची मंडळी बसल्यात ओट्यावर. त्यांचा वग कुनीतरी परस्पर सीडीवर उतरवून इकतंय. न विचारता. मी त्यांना सांगितलं, नाव तुमचं, तोंड तुमचं, चाल तुमची, त्यांच्याकडं कागद कुठंय?"

"बरोबर सांगितलंत, आबा. मग मी येऊन काय करू?"

"आगं, लिवायचं कुनी?" भगवंत वैतागून म्हणाले. "इतकं काम आलंय. मला हाताखाली एक वकील नको का?"