आपले की फौजेचे?

राजेंद्र नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या अण्णांच्या दाराची घंटा वाजवली की लगेच दार उघडत नाही. आधी आतून प्रश्न येतो, "आपले की फौजेचे?" मी हटकून "फौजेचे" म्हणतो. मग अण्णा दोन मिनिटं उगाच भांडी आपटून लढाईची तयारी करतात आणि हसत कडी काढतात.

सांवेर रोडच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म लेथवर काढला. निवृत्तीनंतर एकच काम धरलं, आपलं गाव लढवणं. गाव पणजोबांच्याही आधीचं, चाळीस उंबऱ्यांचं. कधीकाळी त्यावर फौज चालून आली होती. मी पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा फौज पाचशेची होती. पोह्यांवर शेव सढळ पडली की हजाराची होते. माझ्या सासऱ्यांसमोर तर तिच्यात दोन हत्तीही आले.

"बायका-पोरं जंगलात रवाना. गावात बचले किती? फक्त ग्यारा," अण्णा सांगतात. "तर भिया, त्यांनी काय केलं, चाळीसच्या चाळीस घरांत चुली पेटवल्या. फौजेला धूर दिसला. त्यांना वाटलं, गाव भरलेलं आहे. गेली वापस."

गेल्या वर्षी काकू गेल्या. पुण्याची मुलगी रोज सकाळी दहाला फोन करते: तुम्हाला स्वयंपाक येत नाही, घर विका, इकडे या. अण्णा म्हणतात, "गाव सोडायचं नाही." दुपारी त्यांचा जेवणाचा डबा येतो, हे मला दिसतं. तरी दहाला त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या होतातच. म्हातारा भलताच खादाड आहे, असं मी बायकोला म्हणालोही होतो.

परवा मी तिथेच होतो. फोन आला. अण्णांनी तो कुकरजवळ धरला. "शिट्टी ऐकलीस? वरण-भात लावलाय." मग बोलत बोलत ते अंगणात गेले. तीन शिट्ट्या झाल्यावर मी गॅस बंद केला. बोलणं लांबलं, भात गिचका होईल म्हणून वाफ जिरल्यावर झाकण काढलं. आत नुसतं पाणी होतं.

अण्णा दारात उभे होते. "तिला नको सांगू, सुहास. घेऊन जाईल मला." मग ओट्याकडे बघत म्हणाले, "आणि खरं सांगू, यार? दहा वाजता शिट्टी झाली की वाटतं, ही आत आहे."

मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या जरा आधी, धुतलेले डाळ-तांदूळ घेऊन मी घंटा वाजवली. आतून नेहमीचा प्रश्न आला.

"आपले," मी म्हणालो.

आत भांडी वाजली नाहीत. कडी निघाली.