मला वाचवू नका, माझं ठरलंय

बुडायला अक्कल लागते. पोहणं काय, कुणालाही येतं. आमच्या गावात तर पोरं रांगायच्या आधी समुद्रात हात मारतात. पण बघणाऱ्याच्या काळजात धस्स होईल असं बुडायचं, तेही केस डोळ्यांवर नीट पसरवून, ही कला आहे. आणि ती माझ्यात ठासून भरलीय, असं मी आजोबांना ठणकावून सांगितलं. यंदा शाळेच्या नाटकात मी मेले होते, आणि अशी काही मेले होते की पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. तेव्हापासून माझा आत्मविश्वास वाढलाय. आई त्याला दुसरा शब्द वापरते.

आजोबा आमच्या गावच्या जीवरक्षक मंडळाचे प्रमुख. मंडळ म्हणजे सहा म्हातारे, एक लाकडी होडी आणि ती ठेवायची किनाऱ्यावरची शेड. पूर्वी वादळात गलबतं खडकांवर आपटायची, तेव्हा याच होडीने किती तरी माणसं जिवंत परत आणली. आता गलबतं येत नाहीत. पर्यटक येतात, आणि ते फार तर उन्हाने भाजतात. त्यामुळे नगरपालिकेने ठरवलं होतं की शेड पाडायची आणि तिथे पार्किंग करायचं. आजोबांनी जेवण टाकलं, मग चकरा मारून मारून नगराध्यक्ष मॅडमकडून एक संधी मिळवली. रविवारी सगळ्यांसमोर होडी पाण्यात काढा आणि एक माणूस जुन्या पद्धतीने वाचवून दाखवा. जमलं तर शेड राहील.

तो माणूस म्हणजे मी.

"लाउडस्पीकरवरून सांगून टाकू, की हे प्रात्यक्षिक आहे," आजोबा म्हणाले.

"अजिबात नाही. सांगितलं की लोक आइसक्रीम चाटत बघणार. कुणाचा श्वास अडकणार नाही. मॅडमचाही नाही."

"असं म्हणतेस?"

"आजोबा, अभिनय माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त वेळेवर या."

रविवारी किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. नगराध्यक्ष मॅडम आपल्या माणसांसह छत्रीखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी छातीभर पाण्यात गेले. शेडच्या दारातून आजोबांनी रुमाल हलवला आणि मी सुरुवात केली. काय ओरडले म्हणून सांगू! माझं मलाच भरून आलं.

होडी मात्र येईना. आली असती, पण म्हाताऱ्यांनी हौसेने आदल्या दिवशी तिला नवा रंग दिला होता, आणि ती ज्या लाकडी ठोकळ्यांवर उभी होती त्यांना रंगासकट घट्ट चिकटून बसली होती. सहा जण आत तिला ढकलत होते, हे मला कुठून कळणार? मी आपली बुडतेय.

पहिल्यांदा पोहोचले पेडलबोटवाले काका. त्यांची बोट हंसाच्या आकाराची आहे. हंसाच्या मानेमागून त्यांनी हात पुढे केला.

"धर."

"नको काका."

"नको म्हणजे? बुडतेयस ना?"

"हो."

"मग?"

"माझं ठरलंय. दुसरे येतायत. तुम्ही जरा बाजूला व्हा ना, हंसामुळे मी दिसत नाहीये."

काका हंसासकट गोल फिरले आणि कपाळावर आठ्या घालून निघून गेले. मी पुन्हा गटांगळी खाल्ली, तेवढ्यात कुणीतरी मागून माझी मान पकडली. आमची आत्या! तिचा रोज सकाळी पोहणाऱ्या बायकांचा गट आहे. गुलाबी टोप्या घातलेल्या सगळ्या जणींनी मला असा वेढा घातला, जणू मी एखादी पळपुटी डॉल्फिन.

"आत्या, सोड. मला आजोबाच वाचवणार आहेत."

"बाबा? त्यांना स्वतःच्या डोक्यावरचा चष्मा सापडत नाही. चल गपचूप."

"अगं, शेडसाठी चाललंय हे. होडी आल्याशिवाय मी बाहेर येणार नाही म्हणजे नाही."

आत्याने माझी मान सोडली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक जण किनाऱ्याकडे पोहत गेली आणि तिने तिथे काय सांगितलं असेल? पोरगी शेड वाचवण्यासाठी पाण्यात ठाण मांडून बसलीय.

झालं. गावातल्या निम्म्या लोकांना पार्किंग नकोच होतं, फक्त सुरुवात कुणी करायची हा प्रश्न होता. न्हावीकाका पँट दुमडून पाण्यात उतरले. त्यांच्यामागे बेकरीवाल्या मावशी. मग आइसक्रीम हातात घेऊनच पर्यटक. बघता बघता माझ्याभोवती जत्रा भरली. "आम्ही तुझ्या पाठीशी आहोत," असं म्हणून न्हावीकाका खरोखरच माझ्या पाठीशी उभे राहिले. अशा गर्दीत कुणी बुडून दाखवावं कसं, तुम्हीच सांगा.

शेवटी नगराध्यक्ष मॅडम उठल्या. चपला हातात घेऊन त्या पाण्यात आल्या.

"बाळ, बाहेर ये. आपण चर्चा करू."

तेवढ्यात मला शेडचं दार उघडलेलं दिसलं. होडी सुटली होती! दोन ठोकळे अजून तिच्या बुडाला लटकत होते, पण सुटली होती.

"मॅडम, तुम्ही मागे व्हा. होडी येतेय."

"मला धमकी देतेस?"

"नाही हो, खरंच मागे व्हा."

मॅडम मागे झाल्या नाहीत. उलट दोन पावलं पुढे आल्या. पुढे वाळूत खळगा होता. मॅडम होत्या, आणि मग नव्हत्या. एक चप्पल वर आली. मग मॅडम वर आल्या, "वाच" एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा खाली गेल्या.

होडीत वल्हवणाऱ्यांची पाठ पुढे असते, बघायचं काम एकट्या आजोबांचं. मी जीव तोडून हात हलवले. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि सुकाणू मॅडमकडे वळवलं. म्हाताऱ्यांनी त्यांना सफाईने वर ओढून घेतलं.

इथवर सगळं छान होतं. पण ठरलं होतं जुन्या पद्धतीने वाचवायचं. त्या काळी बुडालेल्या माणसाला पिंपावर पालथं घालून पुढे-मागे लोटायचे, पोटातलं पाणी निघावं म्हणून. हल्ली असलं काही करत नाहीत, पण आमची तालीम झाली होती आणि पिंप किनाऱ्यावर वाळूत तयार होतं.

"मी बरी आहे, सोडा मला," मॅडम म्हणाल्या.

"बोलू नका," आजोबा म्हणाले, "आधी पाणी येऊ दे."

पाणी आलं नाही, पण मॅडम चार वेळा पुढे आणि चार वेळा मागे गेल्या. सगळा किनारा तिकडे धावला. न्हावीकाकासुद्धा. मॅडम घोंगडीत गुरफटून बसल्या. मग म्हणाल्या, "शेड राहील. होडीही राहील. ते पिंप मात्र मला पुन्हा दिसता कामा नये." म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

हे मला आत्याने नंतर सांगितलं. मी तेव्हा पाण्यातच होते. अजून दोनदा ओरडून पाहिलं, मग चालत बाहेर आले.

त्या दिवशी आजोबा पोटभर जेवले. मी ताटावर तोंड फुगवून बसले होते.

"आजोबा, मी तुम्हाला दिसलेच नाही का?"

"दिसलीस की," आजोबा म्हणाले. "छान उभी होतीस."