माऊसच्या चाकाने निवडलेला विषय

मी कॉलेजात जायचं ठरवलं तेव्हा लेक अंघोळीला गेली होती.

तिची शाळा संपली होती, कॉम्प्युटरवर तिचा प्रवेशअर्ज अर्धा भरलेला होता आणि "बाबा, मी येईपर्यंत कशालाही हात लावू नकोस," असं बजावून ती गेली होती. मी हात लावला नाही. नुसतं वाचलं. (पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात बावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसासमोर अर्ज आला की तो वाचल्याशिवाय त्याला राहवतच नाही.) तिसऱ्या पानावर, अगदी खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती : 'वयोमर्यादा नाही. कोणत्याही कारणाने शिक्षण सोडावे लागलेल्यांनाही अर्ज करता येईल.'

ती ओळ मी चारदा वाचली. माझं कारण साधंच होतं. वडील अंथरुणाला खिळले, मी पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलं आणि नोकरी धरली. त्यात रडण्यासारखं काही नाही, कितीतरी जणांचं असं होतं. पण पुढे कुठलाही फॉर्म भरताना 'शिक्षण' या रकान्यापाशी माझं पेन जरा अडखळायचंच.

लेक डोकं पुसत बाहेर आली. मी विचारलं, "यात दुसरा कोरा अर्ज कसा काढायचा गं?"

"कुणासाठी?"

"आहे एकजण ओळखीचा."

"किती टक्के आहेत त्याला?"

"सत्तेचाळीस. टक्के नव्हे, वय."

ती स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आईऽ! बाबाला काहीतरी झालंय!"

माझी बायको इस्पितळात नर्स आहे. तिने येऊन आधी माझ्या कपाळाला हात लावला, नाडी बघितली, आणि मग कुठे म्हणणं ऐकून घेतलं. ऐकल्यावर ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"सकाळचे वर्ग आहेत ना? मग ऑफिसच्या आधी होतील. भरा अर्ज," ती म्हणाली. "पण अहो, एकदा सुटलं ते सुटलं. तेव्हा तुमचा इलाज नव्हता. या वेळी अर्धवट सोडून आलात, तर या घरात पुन्हा कॉलेजचं नाव काढायचं नाही."

लेकीचीही एक अट होती. "तू त्याच कॉलेजात येणार असशील तर तिथे मला ओळख दाखवायची नाही."

मी दोन्ही कबूल केलं. आणि मग घोडं अडलं ते 'मुख्य विषय' या चौकटीपाशी.

बायको म्हणाली, "आहारशास्त्र घ्या. पोटाकडे बघून तरी." लेक म्हणाली, "मानसशास्त्र सोडून काहीही घे. ते माझं आहे." ऑफिसातले हेडक्लार्क म्हणाले, "कायदा घ्या. म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून भांडायला येणारे जरा बिचकतील." मी आठ दिवस सगळ्यांचं ऐकलं आणि शेवटी इतिहास घ्यायचं पक्कं केलं. इतिहासात जे व्हायचं ते सगळं आधीच होऊन गेलेलं असतं, आपल्या हातून काही बिघडण्याची भीती नाही, हा माझा सरळ हिशेब.

शेवटच्या दिवशी मी एकट्याने अर्ज भरला. विषयांच्या यादीतून 'इतिहास' निवडलं. 'पालकाचे नाव व सही' ही चौकट भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकेना, म्हणून तिथे बायकोचं नाव घातलं. मग पानाच्या तळाशी असलेल्या बटणापर्यंत जायला माऊसचं चाक फिरवलं. पान काही हललं नाही. पुन्हा जोरात फिरवलं, तेव्हा कुठे खाली सरकलं. बटण दाबलं. कॉम्प्युटरने अभिनंदन केलं.

चार दिवसांनी प्रवेशपत्र आलं. लेकीने ते मोठ्याने वाचलं. "मुख्य विषय... भूगर्भशास्त्र?"

"काय?"

"बाबा, तू दगडांचा अभ्यास करणार?"

पहिल्यांदा चाक फिरवलं तेव्हा पान हललं नव्हतं, पण यादी हलली होती. इतिहासावरून निघालेला मी तत्त्वज्ञान वगैरे ओलांडून थेट भूगर्भात उतरलो होतो. आणखी एकच खाच चाक फिरलं असतं तर निदान भूगोलावर तरी थांबलो असतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. खिडकीत माझ्याच वयाचे, माझ्यासारखाच चष्मा नाकावर घसरलेले एक गृहस्थ होते.

"विषय चुकून पडलाय, बदलून हवा," मी म्हणालो.

"लेखी द्या."

"दिलंय."

"तीन प्रतींत द्या."

"तीनच आहेत."

त्यांनी तिन्ही प्रती उलटसुलट करून पाहिल्या. "पहिल्या सत्राची परीक्षा पास व्हा. मग बदलता येईल. नियम आहे."

गेली बावीस वर्षं मी खिडकीच्या आतून हेच, याच सुरात बोलत आलो होतो. बाहेरून ते कसं ऐकू येतं हे प्रथमच कळलं. (त्यानंतर महिनाभर मी माझ्या खिडकीवर इतका गोड वागलो की लोकांना माझी शंका येऊ लागली.)

वर्ग सुरू झाले त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, दप्तर घेऊन फाटकाशी गेलो. वॉचमनने अदबीने दार उघडलं. "पालक ना? सभागृह डावीकडे. सुरू होतेय सभा." मी काही बोलायच्या आत त्याने मला आत पोचवलंही. चाळीस मिनिटं मी तिथे बसलो. प्राचार्य कळकळीने सांगत होते, "आपला पाल्य सकाळी घरून निघतो, पण वर्गात पोचतो का, याकडे लक्ष द्या!" मी मान डोलावत होतो आणि वरच्या मजल्यावर माझी गैरहजेरी लागत होती.

नंतर ऑफिसातली तातडीची कामं, एकदा सर्दी, एकदा बस, असं करत महिन्याभरात माझ्या सहा गैरहजेऱ्या झाल्या. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण शिस्तीच्या कडक. त्यांनी नियमाप्रमाणे पालकांना बोलावलं.

पालक रात्रपाळी संपवून, गणवेशातच आल्या. मी बाजूला हात बांधून उभा.

"घरी अभ्यास करतात का?" मॅडमनी विचारलं.

"बसतात," माझी पालक म्हणाली. "पण लक्ष नसतं. टीव्ही लागला की पुस्तकावर नजर आणि कान तिकडे."

"मुळात हुशार आहेत. आळस आहे."

"तेच तर. पंचवीस वर्षं मी हेच सांगतेय."

मी म्हणालो, "त्या दिवशी बस..."

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये," बायको म्हणाली. मॅडमना खोकल्याची उबळ आली. दाराबाहेरून जाताना लेकीने आत पाहिलं, ओळख न दाखवता ती पुढे गेली. तिच्या मैत्रिणी मात्र वळून वळून बघत होत्या.

घरी येताना कोपऱ्यावर आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "विषय नकोसा झाला असेल तर तसं सांगा. मी काही म्हणणार नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी टीव्हीकडे पाठ करून बसू लागलो. आणि आश्चर्य म्हणजे, भूगर्भशास्त्र मला आवडायला लागलं! आपण ज्यावर उभे आहोत ते काय आहे, याचा मी सत्तेचाळीस वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. मॅडमनी एकदा शिकवलं, की माती ओळखायची तर चिमूटभर दातांत धरायची. करकर लागली तर गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. मी घरी सगळ्या कुंड्यांवर प्रयोग केला. बायकोने जंतांचं औषध दिलं.

सत्राच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरून एक परीक्षक आले होते. भारदस्त, पांढऱ्या मिशा, कमी बोलणारे. ते म्हणाले, "पेटीतले दगड काय कुणीही ओळखेल. चला रस्त्यावर." कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर पाण्याची मोठी पाइप फुटली होती आणि खात्याने पुरुषभर खोल चर खणला होता. आम्ही एकवीस विद्यार्थी चराच्या काठाला उभे राहिलो. रस्त्यावरचे रिकामे लोकही जमले. मानसशास्त्राचा वर्ग सुटला होता, तोही येऊन थांबला. लेक त्यातच होती.

"ही पाइप इथेच वारंवार फुटते असं ऐकतो," परीक्षक म्हणाले. "का फुटते?"

एकाने जुनाट पाइप म्हटलं, एकीने जड वाहनं म्हटलं. परीक्षक मान हलवत राहिले. मग त्यांचं बोट माझ्यावर आलं. "तुम्ही?"

मी चरात उतरलो. (उतरलो म्हणजे अर्धा घसरलो.) एका बाजूच्या भिंतीतली चिमूटभर माती घेतली आणि सरळ तोंडात टाकली.

"अगंबाई!" काठावरून एक आजीबाई ओरडल्या. "हे तर तक्रार विभागातले साहेब! माती खातायत!"

सगळे हसले. मी चघळत राहिलो. लोणी! चार पावलं पुढे गेलो, तिथे बोटाने उकरवेना. कडक खडक होता. मी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि डोक्यात आमच्या ऑफिसचं तक्रारींचं रजिस्टर उघडलं. याच रस्त्यावरची घरं, क्रमांक चौदा ते बावीस. बावीस वर्षं मीच लिहीत आलेल्या ओळी. पाइप फुटल्याच्या त्या तक्रारी पावसात कधीच येत नसत. पाऊस थांबून ऊन तापलं, की महिन्याभराने यायच्या.

"सर," मी म्हणालो, "इकडे चिकणमाती आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तिकडे खडक, तो जागचा हलत नाही. पाइप दोन्हींवर टेकलीय. माती वाळून खाली बसली की पाइपचं एक टोक खाली ओढलं जातं आणि दुसरं खडक धरून ठेवतो. मग ती इथे, बरोबर या सांध्यावर मोडते. नवी पाइप टाकली तरी इथेच मोडणार. इथे वाकू शकेल असा जोड हवा."

परीक्षक स्वतः चरात उतरले. दोन्हीकडची माती त्यांनी हाताने पाहिली, चरावर आलेल्या आमच्या खात्याच्या इंजिनिअरला हाक मारली आणि म्हणाले, "हे लिहून घ्या." इंजिनिअरने, ज्यांच्या टेबलावर मी बावीस वर्षं फायली ठेवत आलो त्यांनी, खिशातून डायरी काढून माझं बोलणं लिहून घेतलं. दोनदा 'जरा सावकाश' म्हणाले!

आयुष्यात मी अनेकदा माती खाल्ली होती. तिचे मार्क पहिल्यांदाच मिळाले.

वर यायला हात कुणी द्यावा? काठावर वाकून लेक उभी होती. मला ओढून घेताना ती मैत्रिणींकडे वळून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझे बाबा आहेत." माझ्या तोंडात माती होती, म्हणून मला काही बोलता आलं नाही. निदान ते मातीमुळे झालं, असं सांगण्याची सोय तरी झाली.

निकाल लागला. वर्गात पहिला. मॅडमनी पुन्हा पालकांना बोलावलं आणि पेढ्यासारखा गोड चेहरा करून माझी गुणपत्रिका त्यांच्या हातात दिली. पालकांनी ती दोनदा वाचली, घडी घालून गणवेशाच्या खिशात, थर्मामीटरच्या शेजारी ठेवली आणि इस्पितळात जाऊन सबंध वॉर्डाला दाखवली. रस्त्यावर इंजिनिअरनी वाकणारा जोड बसवला. पुढचं ऊन तापलं आणि उतरलं, पण चौदा ते बावीसमधून एकही तक्रार आली नाही.

निकाल लागला त्याच आठवड्यात खिडकीतल्या गृहस्थांनी मला हाक मारली. "तुम्ही आता पास झालात. इतिहास करून देऊ का? लेखी द्या."

"नको," मी म्हणालो.

"नको हेही लेखी द्या."

मी तीन प्रतींत दिलं. मुख्य विषय : भूगर्भशास्त्र. या वेळी चौकटीत माझ्या हाताने, पेनाने लिहिलं, आणि पेन जरासुद्धा अडखळलं नाही.

त्या रविवारी मेहुण्याने आम्हाला जेवायला बोलावलं, खास माझ्या निकालासाठी. आम्ही पोचलो तेव्हा तो बाजारात गेला होता. दाराला कुलूप होतं. बायको त्याला फोन लावत होती. मी सहज पायरीकडे पाहिलं, तर कुंडीशेजारी एक सुरेख करडा दगड. आता खिशात भिंग असल्यावर माणूस गप्प कसा बसेल? मी दगड उचलला. लेक जवळ आली, शेजारचे एक निवृत्त मास्तरही कुंपणापाशी आले.

"बघा," मी म्हणालो. "अग्निजन्य. ही छिद्रं दिसतात ना, ती लाव्हा थंड होताना वायू निसटल्याची. वजनाला हलका लागतो, त्याचं कारणही तेच. वय म्हणाल तर सहा कोटी वर्षांच्या आत नाही. आपण आज जे हातात धरलंय, ते पृथ्वीच्या पोटातून..."

मास्तरांनी आदराने चष्मा काढला.

बायकोने फोन बंद केला, माझ्या हातातून दगड घेतला, उलटा केला, त्याचं प्लास्टिकचं बूड सरकवलं, आतली किल्ली काढली आणि दार उघडलं.