मीटरखोलीतली हसरी कवटी

परुळेकर कुणाच्याही घरी गेले की आधी पिशवीतून रबराची चटई काढतात. तुम्ही म्हणाल, गुडघे दुखत असतील. छे! वीजनिरीक्षक म्हणून उभी हयात गेलेली. विजेच्या बोर्डापुढे रबरी चटई हवी, हा नियम त्यांच्या हाडीमासी खिळलेला. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तेव्हा तीर्थसुद्धा त्यांनी चटईवर उभं राहूनच घेतलं. का, तर चौरंगाभोवती बायकोने दिव्यांची माळ सोडली होती. वर गुरुजींना म्हणाले, "आपलं सोवळं ओलं आहे, माळेपासून जरा सरकून बसा." गुरुजी पुढचा अध्याय विसरले.

निवृत्तीनंतर ते पनवेलला आमच्या सोसायटीत राहायला आले. मी तिथला सेक्रेटरी, म्हणजे साडेसाती माझीच. "सेक्रेटरी, हा दोष आहे. आठ दिवसांची मुदत देतो," हे त्यांचं पालुपद. जिन्यातला होल्डर लोंबला, आठ दिवस. पंपाच्या स्विचचं झाकण तडकलं, आठ दिवस. मुदत संपली की भल्या सकाळी चटईसकट दारात हजर. मग चहा, मग फेरतपासणी, मग नवा दोष. पत्नी वारलेल्या, मुलगी सासरी. एके काळी यांच्या सहीवाचून नव्या इमारतीत दिवा लागत नसे, आणि आता त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण रविवारी सकाळी बेल वाजली की दयाबिया आटून जाते.

त्यांना पुरून उरणारा एकच, आमचा वायरमन हिराजी. शेजारच्या कोन गावचा गडी. दोघांची जुंपली की तिसऱ्या मजल्यावरचे लोक टीव्ही बंद करून गॅलरीत येत.

लोडशेडिंगच्या त्या दिवसांत आम्ही मीटरखोलीतलं पॅनेल बदललं. हिराजीने काम चोख केलं होतं. परुळेकरांनी चटई अंथरली, टॉर्च मारला, एकेक वायर ओढून पाहिली. दोष सापडेना. चेहरा अगदी पडला. शेवटी दारावरच्या धोक्याच्या पाटीपाशी थांबले. पाटीवरची कवटी हिराजीने स्वतः लाल रंगाने काढली होती.

"ही हसतेय," परुळेकर म्हणाले.

"आं?"

"कवटी हसतेय. धोक्याच्या पाटीने माणूस दचकला पाहिजे. ही या, बसा म्हणतेय. नामंजूर. आठ दिवसांची मुदत."

"साहेब, मेलेल्याला व्हट नाय, मंग दात दिसनारच ना! नियमान खय लिवलाय हसाचा नाय म्हनून?"

"नियमात रडायचं नाही असंही लिहिलेलं नाही. म्हणून काय रडकी काढशील?"

हिराजीने पुढच्या खेपेला खरोखर रडकी काढली. परुळेकर चटईवर उभे राहून बराच वेळ पाहत राहिले. "हिची भीती नाही वाटत, कीव येते. आठ दिवस." त्याच्या पुढच्या खेपेला कवटी भेदक दिसावी म्हणून हिराजीने तिला झुपकेदार मिशा काढल्या. त्या दिवशी जे काही झालं, ते ऐकून रस्त्यावरचा भाजीवाला गाडी सोडून आत आला.

माझं डोकं फिरलं. बाजारातून तयार छापील पत्र्याची पाटी आणली आणि ठोकून टाकली. परुळेकर आले. पाटी पाहिली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. "ठीक आहे," म्हणाले, चटई गुंडाळली आणि चहा न घेता जिना चढून गेले.

त्यानंतर बेल वाजली नाही. पहिला आठवडा मी सुखाने पेपर वाचला. दुसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "परुळेकरांचं दार हल्ली बंदच असतं, हो. दूधसुद्धा दुपारी आत घेतात." मी ऐकलं न ऐकलंसं केलं, पण त्या दिवशी पेपरात लक्ष लागेना.

पंपाच्या कामाला हिराजी आला. आल्या आल्या विचारलं, "साहेब खय हान? वरडले नाय ते अजून?" मी मोठ्या ऐटीत त्याला पाटी दाखवली. त्याने कपाळावर हात मारला.

"काय केलाव हो तुमी! त्यांना कामच नाय ठेवलाव. मना काय कवटी काढता येत नाय? आमचे गावच्या सगल्या पाट्या मीच रंगवतंय!"

हिराजीने पिशवीतून लाल रंगाचा डबा काढला, ब्रश बुडवला आणि छापील कवटीला या कानापासून त्या कानापर्यंत हसू काढलं. "जा, बोलवा त्यांना."

परुळेकर खाली आले. दाढी वाढलेली, पण चटई बगलेत. ती अंथरली, वर उभे राहिले, चष्मा सारखा केला. मग हात पुढे करून कवटीच्या ओठांवरून बोट फिरवलं. बोटाला लाल रंग लागला. ते बोटाकडे पाहत राहिले, मग हिराजीकडे पाहिलं. हिराजी छताकडे बघत होता.

परुळेकरांनी बोट सावकाश पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात दडवलं.

"हसतेय," ते म्हणाले. "आठ दिवसांची मुदत."

"आठ दिवसान नाय जमाचा, साहेब," हिराजी गुरगुरला.

"मग मुदत वाढवून देतो." त्यांच्या खिशावर लाल डाग हळूहळू पसरत होता. "सेक्रेटरी, चहा टाकायला सांगा. हा बराच वेळ भांडणार आहे."