डॉल्फिन दाखवतो म्हणून

टेंबेजींनी मला फसवलं. डॉल्फिन दाखवतो म्हणून इंदूरहून थेट मालवणच्या समुद्रापर्यंत नेलं, होडीत बसवलं आणि तिथे स्वतःचं काम उरकून घेतलं. मी काही भोळा माणूस नाही. हातगाडीवर कटपीस विकत विकत मी स्नेहलतागंजात दुकान उभं केलंय. सुरतचे व्यापारी माझ्याशी भाव बोलायच्या आधी पाणी पितात. अशा मला मिल बंद पडून घरी बसलेल्या एका जॉबरने गंडवलं. बाजारात हे सांगितलं तर लोक हसतात, म्हणून लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट, टेंबेजी शांततेत बोलत नाहीत. मौनव्रत वगैरे काही नाही, त्यांना जमतच नाही. मिलच्या विणाई खात्यात ते तीस वर्षं होते, त्यातली निम्मी जॉबर म्हणून, म्हणजे मागांच्या एका रांगेवरचे मुकादम. शेकडो माग एकदम चालत तिथे माणूस बोंबलला तरी शेजारच्याला कळायचं नाही. त्यामुळे ते लोक हातांनी बोलत आणि ओठ वाचत. धागा तुटला, साहेब येतोय, तुझी बायको आज भाजीत मीठ घालायला विसरली, सगळं हातांनी. मिलला कुलूप लागलं, पण हात काही बंद पडले नाहीत. ते आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. अजूनही गॅलरीतून दोन बोटं फिरवून खालच्या टपरीवरून चहा मागवतात, आणि तिसरं बोट वाकडं केलं की अद्रक जास्त.

तोंडाने बोलायचं असेल तर मात्र त्यांना आवाज लागतो. शांत खोलीत ते पाहुण्यासारखे बसतात. त्यांच्या मुलीला बघायला देपालपूरचे लोक आले, तेव्हा तासभर टेंबेजींनी मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीच्या बापाला स्थळ पसंत नाही. चहा पिऊन ते उठायच्या बेतात होते. मग टेंबेजींनी मुलाच्या वडिलांचा हात धरला आणि त्यांना गल्लीच्या टोकाला आटाचक्कीवर नेलं. चक्की घरघरत होती. तिथे उभं राहून देणंघेणं, मानपान, मुलीचा स्वभाव, सगळं वीस मिनिटांत बोलून झालं. दोघे परत आले ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. लग्न ठरलं होतं.

त्यांची आणि माझी गाठ पडली ती जनरेटरमुळे. त्या वर्षांत देशाचा बाजार खुला झाला, टीव्हीवर चॅनलच चॅनल आले, वीज मात्र जात राहिली. मी दुकानाबाहेर जनरेटर ठेवला. तो धडधडायला लागला की टेंबेजी जिना उतरून खाली येत, स्टूल ओढून जनरेटरला खेटून बसत आणि मग त्यांना कोणी थांबवू शकत नसे. क्रिकेट, राजकारण, स्वतःचं पोट. सगळ्यात आवडता विषय माझा माल.

"ये क्या आहे, बंडूभिया?" भर गिऱ्हाइकात माझं थान, म्हणजे अख्खा तागा, उचलून उजेडात धरायचे. "याला शर्टिंग म्हणता? मच्छरदानी आहे ही."

"टेंबेजी, खाली ठेवा ते."

"ठेवतो. पण जरा हळू ठेवायला लागेल, फाटेल."

मी अनेकदा जनरेटर बंद करून अंधारात धंदा केलाय, फक्त हा माणूस गप्प बसावा म्हणून.

डॉल्फिनचा विषयही तिथेच निघाला.

"बंडूभिया, डॉल्फिन पाहिलाय?"

"मी ट्यूबवेलपलीकडे पाणी पाहिलेलं नाही."

"मग चला. मालवणला छोट्या नावा असतात. किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवतात. गरुडाचं घरटं, पांढरे पक्षी, किल्ला, आणि मग डॉल्फिन. एकदम जवळून. गॅरंटी."

"गॅरंटी कोणाची?"

"माझी. पण एक आहे, तिथले नाववाले टुरिस्ट पाहून तोंड फाडतात. सौदा करायला तुमच्यासारखा माणूस पाहिजे."

इथे मी फसलो. मला कोणी देवमाणूस म्हटलं तर मी खिसा घट्ट धरतो, पण सौदा करायला तुमच्यासारखा माणूस नाही म्हटलं की माझं काही चालत नाही. मी मेहुण्याचा कॅमेरा मागून आणला. माझ्या मुलीला, पिंकीला, डॉल्फिनचा फोटो कबूल केला. दुकानाच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनाही सांगून बसलो.

ट्रेनमध्ये टेंबेजी खूष होते. गाडी धावत असली की अखंड बोलत, स्टेशन आलं की वाक्य अर्ध्यात सोडत, आणि गाडी सुटली की तिथूनच पुढे. एका स्टेशनात सिग्नल मिळेना. "आणि मग त्या बाईने" एवढं ऐकून मी पाऊण तास बसलो होतो.

मालवणला किनाऱ्यावर नावा ओळीने उभ्या होत्या. मी कामाला लागलो. तिघांना नाही म्हटलं, दोनदा पाठ फिरवून निघून गेलो, आणि चौथ्याकडून असा सौदा पक्का केला की मलाच माझा अभिमान वाटला. नवी नाव, वर छत, गरुडाचं घरटं त्याच पैशांत, आणि डॉल्फिन येतात त्या जागी अर्धा तास इंजिन बंद. इंजिनच्या आवाजाने ते लांब जातात, बंद केलं की जवळ येतात, हे मी त्याच्याकडूनच काढून घेतलं होतं.

टेंबेजींनी माझी बाही ओढली आणि ओळीच्या शेवटी बोट दाखवलं. तिथे एक जुनी नाव होती. पांढऱ्या दाढीचा एक माणूस दोरी गुंडाळत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, आणि मग दोरीकडे असं पाहिलं की जणू आयुष्यात पहिल्यांदाच दोरी बघतोय.

"ती? तिला छतसुद्धा नाही."

टेंबेजी हात धरून मला धक्क्याकडे घेऊन गेले. तिथे मासळीसाठी बर्फ फोडायचं मशीन खडखडत होतं. त्याच्या बाजूला उभं राहून ते बोलायला लागले, आणि मला कळलं की आपली मान कापली गेली आहे.

"तो सावळाराम. माझ्याच खात्यात. बावीस वर्षं."

"बरं मग?"

"मिल बंद झाली तेव्हा त्याला बुरहानपुरात पॉवरलूमवर काम मिळत होतं. मी म्हटलं, जाऊ नको. चार महिन्यांत मिल सुरू होते बघ. जॉबरचा शब्द म्हणून थांबला. तीन वर्षं थांबला, भिया. मग घर आवरून गावी निघून आला. मला सांगितलंसुद्धा नाही. मी सहा पत्रं टाकली. एकाचं उत्तर नाही."

"म्हणजे डॉल्फिन..."

"डॉल्फिन पण आहेत."

"हे इंदूरला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आला असता?"

"बिलकुल नाही!"

"बस, तो फिर."

"आणि मला कशाला आणलंत? माफी मागायला वकील पाहिजे होता?"

"मी एकटा गेलो तर तो नावेत घेणार नाही. गिऱ्हाईक बरोबर असलं तर ना कसं म्हणेल?"

बर्फाचे तुकडे माझ्या पायावर उडत होते, पण डोकं तापलं होतं. मी, ज्याने आयुष्यभर गिऱ्हाइकं पटवली, तो स्वतः गिऱ्हाईक म्हणून वापरला गेलो होतो. मी टेंबेजींना मोठ्याने शिव्या घातल्या. त्यांनी त्या सगळ्या माझ्या ओठांवरून नीट वाचून घेतल्या आणि मान डोलावली.

सावळारामने नाव दिली. फक्त माझ्याकडे बघून म्हणाला, "दोघां? बसा शेठ." स्वतः मागे इंजिनाशी. टेंबेजी सगळ्यात पुढे, समुद्राकडे तोंड करून. मी मध्ये, दोघांच्या भांडणाला पाचर मारल्यासारखा.

नाव निघाली. खरं सांगतो, रागातसुद्धा मला ते आवडलं. डावीकडे किनारा हळूहळू सरकत होता, माड, मध्येच तांबडी माती, एखादं कौलारू घर. रेतीच्या एका पट्ट्यावर पांढरे पक्षी बसले होते. आम्ही जवळ गेलो तसे सगळे एकदम उठले, आमच्यावरून फिरले आणि पुन्हा तिथेच बसले. मी पिशवीतली लौंगवाली सेव फेकली. एकाने हवेतच झेलली, आणि तिखट लागल्यावर त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. सावळाराम मला सगळं दाखवत होता. "शेठ, वर बघा, गरुड." उंच सुरूच्या झाडावर काटक्यांचा ढीग, आणि त्यावर पांढऱ्या पोटाचा मोठा पक्षी, दुकान उघडून गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या व्यापाऱ्यासारखा. टेंबेजींनी वर पाहिलं नाही. त्यांच्या मानेकडे बघूनच कळत होतं की हा माणूस पाठ केलेलं काहीतरी मनात म्हणतोय.

मोकळ्या पाण्यात सावळारामने इंजिन बंद केलं.

"आता गप रवा," तो म्हणाला. "गप रवलात तर दिसतले."

गप राहायला सांगायची गरज नव्हती. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. नावेच्या फळीवर पाणी चपचप करत होतं, तेवढंच. टेंबेजी हळूच वळले. सावळाराम पाण्याकडे बघत होता. टेंबेजींनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. इतक्या वर्षांनंतरचं, सहा पत्रांनंतरचं पहिलं वाक्य बाहेर आलं.

"पाणी बरंच आहे."

सावळारामने विचार केला. म्हणाला, "हां. समुद्र आहे."

संपलं. दोघेही आपापल्या गुडघ्यांकडे बघायला लागले.

तेवढ्यात ते दिसले. लांब, पण दिसले. काळी, चकचकीत पाठ पाण्यातून वर आली, गोल वळली आणि आत गेली. मग तिच्या मागे दुसरी. मी कॅमेरा डोळ्याला लावला. फोटोत नुसता ठिपका आला असता. "येतत, जवळ येतत," सावळाराम कुजबुजला. "धा मिनिटां. फक्त आवाज नको."

दहा मिनिटं. मी कॅमेरा धरून बसलो, आणि माझी नजर टेंबेजींच्या हातांवर गेली. ते मांडीवर होते. बोटं अर्धवट उचलायची, काहीतरी आकार घ्यायची आणि शरमून परत खाली बसायची. चहा मागवणं वेगळं, पण मनातलं सांगायला त्या हातांनाही मागांसारखा आवाज लागत होता, आणि या शांततेत ते उठेनात. मागे वळून पाहिलं तर सावळारामच्या हातांचंही तेच. दोघांनाही बोलायचं होतं, आणि इंजिन बंद होतं. काळ्या पाठी पुन्हा वर आल्या. या वेळी जवळ. तिसरी छोटी होती, पिल्लू असावं.

मी पिंकीची मनातल्या मनात माफी मागितली.

"सावळाराम, इंजिन चालू करा."

"शेठ, पळतले ते."

"पळू द्या. चालू करा म्हणतो ना!"

इंजिन धडधडलं. काळ्या पाठी बुडाल्या. पाणी सपाट झालं, जणू तिथे कधी काही नव्हतंच. आणि टेंबेजींचे दोन्ही हात वर उठले.

त्यांनी काय म्हटलं मला कळलं नाही. पण सावळारामने सुकाणू सोडून उत्तर दिलं, आणि मग जे सुरू झालं! बोटं, मनगटं, कोपर, ओठ, भुवया. मी मध्ये येत होतो. टेंबेजींनी एका हाताने बोलत दुसऱ्या हाताने मला खाली दाबलं. शेवटी मी नावेच्या तळाला आडवा झालो, जाळ्याच्या गुंडाळीवर डोकं ठेवून. सावळाराम सुकाणू पायाने धरत होता, तेही आठवण झाली तर. नाव एकाच जागी गोल गोल फिरत राहिली. किनाऱ्याच्या सफरीला आलेल्या मला त्या अर्ध्या तासात ना किनारा दिसला, ना समुद्र. वर फक्त आभाळ, आणि आभाळात चार हात. मध्येच टेंबेजींनी ओल्या डोळ्यांवर बाही फिरवली आणि वाक्य तुटू नये म्हणून दुसऱ्या हाताने बोलत राहिले.

परतीच्या एसटीत, घाट चढताना इंजिन ओरडायला लागलं तेव्हा मी विचारलं, "मागितली माफी?"

"मागितली."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तू नसतं सांगितलंस तरी मी थांबलोच असतो. दुसरीकडे जायचं मन नव्हतं."

"आणि पत्रं? सहा पत्रं?"

"सगळी ठेवलीत. म्हणाला, उत्तर लिहायला बसलो की घर फार शांत वाटायचं."

टेंबेजी खिडकीबाहेर बघत होते. एसटी घाटमाथ्यावर आली, आवाज उतरला आणि ते गप्प झाले.

टेंबेजींना मी माफ केलेलं नाही. माझे डॉल्फिन त्यांच्याकडे निघतात आणि मी ते वसूल करणार. पण निदान त्यांचा चेहरा माझ्या समोर आहे, मी रोज त्यांच्याशी भांडू शकतो. मिलच्या फाटकावर जी नोटीस लागली होती, तिच्याखाली कोणाचंही नाव नव्हतं. नुसतं "आदेशानुसार". कोणाच्या आदेशानुसार? मागांच्या ज्या गडबडीत ही माणसं एकमेकांची झाली, ती एका सकाळी बंद केली, आणि आता साठीचे दोन म्हातारे "माझं चुकलं" एवढं म्हणायला समुद्रात जाऊन डिझेल जाळतात. मी धंद्यातला माणूस आहे. माल बिघडला तर ज्याने विकला त्याला मी पकडतो. इथे कोणाला पकडू? ज्याने तो आदेश दिला त्याने माझ्या दुकानात यावं, टेंबेजींच्या समोर उभं राहावं आणि स्वतःचं नाव सांगावं. मी घासाघीस करणार नाही. फक्त नाव सांगावं.