पिवळ्या पट्टीच्या बाहेर

"पट्टीच्या आत यायचं नाही हं. रोज बाहेर बसून मला एक तरी हसायची गोष्ट सांगायची. कबूल?"

बायकोचे हे शब्द कानात घेऊनच फूटपट्टी त्या सकाळी अणुवीज केंद्राच्या फाटकात शिरला.

फूटपट्टी हे केंद्रातल्यांनी ठेवलेलं नाव; माणूस म्हणजे सरकारच्या अणुनियामक मंडळाचा तपासनीस. भिंतीवरची सूचना जराशी तिरकी दिसली, तरी अख्ख्या केंद्राला धारेवर धरायचा. बायकोच्या गळ्यातला कॅन्सर उलटला होता. किरणोत्सारी औषध देऊन तिला घरातच मागच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. औषध लागू पडेल का, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. दारातली पिवळी पट्टी मात्र यानेच मोजूनमापून सरळ चिकटवली. म्हणाला, "देशाच्या अणुभट्ट्या सांभाळतो मी, एक खोली सांभाळणार नाही?"

आणि तो फाटकात शिरताच किरणमापक यंत्र किंचाळलं.

फूटपट्टीला चेव चढला. "गळती! फाटकं बंद. कुणी जागचं हलायचं नाही."

भोंगे वाजले, कामगारांची पाळी आत अडकली, मंडळाला फोन गेला. बूट तपासले, डबे तपासले. व्यवस्थापकाचा केसांचा टोपही तपासला. तो टोप आहे, हे केंद्राला त्याच दिवशी कळलं. मापक कुठेच बोलेना.

"साहेब, आता तुम्हीच राहिलात," तंत्रज्ञ बाई म्हणाली.

"मी तपासायला आलोय, बाई."

"कुणालाच सूट नाही, हा नियम तुमचाच ना?"

मापक त्याच्या खिशापाशी कडकडलं. आतून रुमाल निघाला. सगळे खो-खो हसले.

"हा कुठे वापरला होता?" बाईने विचारलं.

फूटपट्टी जमिनीकडे बघत म्हणाला, "काल ती रडत होती. दारातून नुसतं बघवेना. आत गेलो, याच रुमालाने तिचे डोळे पुसले. औषध आसवांतही उतरतं."

हसू जिथल्या तिथे विझलं. देवाने दिलेले हात अशा वेळी खिशात राहत नाहीत. व्यवस्थापक हातातला टोप उगाचच कुरवाळू लागला. तंत्रज्ञ बाईने रुमाल चिमट्याने उचलला आणि पिशवीत हळुवार ठेवला, जणू त्यालाही दुखेल.

"दोष कुणाचा लिहू?"

"माझा. स्वच्छ अक्षरात लिहा."

घरी येऊन फूटपट्टीने आंघोळ केली, स्टूल दारात आणलं आणि पाय पट्टीवर जाणार नाहीत असे आखडून बसला.

"अहो, आलात?" आतून क्षीण आवाज आला.

"आलो. ऐक, आमच्या त्या व्यवस्थापकाला टोप आहे."