मोज्यातली मसूर डाळ

मगरिबच्या अजानला थोडाच अवकाश होता. गॅसवर कांदा गुलाबी झाला होता, सुनेचा भाऊ नायिफ बायकोमुलांसह जिना चढत होता, आणि हाज्जा फिद्दानं मसुरीच्या डाळीचा डबा उघडला तर तळाशी जेमतेम चिमूटभर डाळ.

"सुहैर! डाळ संपलीय हे मला कुणी सांगायचं?"

"तुम्हीच, हाज्जा," सून बाहेरून म्हणाली. "स्वयंपाकघरात मला पाऊल कुठं टाकू देता?"

समोरच्या अबू तैसीरच्या दुकानाचं शटर खाली होतं. तोही रोजा सोडायला घरी गेला होता. आता डाळीच्या सुपाशिवाय इफ्तार म्हणजे फिद्दाच्या लेखी बिनपाण्याची आंघोळ. ती दारात हताश उभी राहिली, आणि तिची नजर बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीवर गेली. खुर्चीवर दोन करडे मोजे होते. दोन्ही मसुरीच्या डाळीनं टच्च भरलेले.

मोज्यांची हकीकत अशी. फिद्दाला 'तेता' म्हणजे आजी म्हणणारी तिची सोळा वर्षांची नात रनीम. रक्ताच्या आजारासाठी अम्मानच्या इस्पितळात तिच्या हाडांतला मगज बदलला, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. आजार गेला, पण जाताना पायातली ताकदही घेऊन गेला. पोरीच्या पोटऱ्या काड्यांसारख्या झाल्या. त्यांच्या सल्त गावाहून अम्मानला सारखं कोण नेणार? म्हणून इस्पितळानं अशा मुलांसाठी लॅपटॉपवर व्यायामाचा वर्ग काढला होता. दुपार कलली की, असरच्या नमाजानंतर, पडद्यावर चौकोनाचौकोनांत निरनिराळ्या गावांतली मुलं दिसायची आणि मधल्या चौकोनात मिस हदील. मिस हदील म्हणाली होती, वजनं विकत आणू नका, नव्या मोज्यांत डाळ भरा, तोंड नाडीनं बांधा आणि घोट्याला गुंडाळा. सुहैर औषधाच्या दुकानात कामाला. आजारपणात घरातला चमचा चमचा उकळायची तिला सवय लागलेली. तिनं मोजेसुद्धा उकळले, वाळवले, वर इस्त्री केली आणि मगच भरले.

रनीमला एकच ध्यास होता, शाळा. आणि शाळा होती टेकडीवर, दगडी पायऱ्यांच्या टोकाला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "मिस हदील हो म्हणाली तर ईदनंतर शाळा. नाही तर हेही वर्ष घरीच."

फिद्दाला कालचं आठवत नसे, पण लहानपणचं लख्ख आठवे. तिची पाठची बहीण नजला अशीच पांढरी पडत गेली होती. तेव्हा त्या आजाराला नावही नव्हतं, 'रक्ताचं पाणी झालंय' म्हणायचे आणि गप्प बसायचे. नजलाला त्याच पायऱ्यांवरून फिद्दा पाठुंगळी न्यायची, आणि एका हिवाळ्यात तिची पाठ रिकामी झाली. त्यामुळे अम्मानमधली कोण कुठली मुलगी काचेच्या पडद्यातून "हं, उजवा पाय वर" म्हणाली आणि इथं रनीमचा पाय वर गेला, की फिद्दा स्वयंपाकघराच्या दारातून दर वेळी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणायची. पाय डावा असो की उजवा.

एवढी कृतज्ञता असूनही तिनं नाडी सोडली आणि दोन्ही मोज्यांतून ओंजळभर डाळ काढली. "उद्या परत घालते," असं तिनं मोज्यालाच सांगितलं.

सूप फार छान झालं. नायिफनं तीनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिला डाळीची आठवण झाली ती पुन्हा अबू तैसीरचं शटर पडल्यावर. तिसऱ्या दिवशी शेजारीण आली. एकदा हात सैल झाला की झाला. अशात पुढच्या आठवड्यात नायिफ पुन्हा इफ्तारला आला, पहिलाच चमचा तोंडात घातला आणि 'कडक' असा आवाज झाला. त्यानं तोंडातून काढून ताटलीत ठेवला तो चक्क लोखंडी नट.

"हाज्जा," तो गाल धरून म्हणाला, "ही कुठली नवी डाळ? आटे पाडलेली?"

फिद्दाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळ होताच ती नट मुठीत घेऊन रस्ता ओलांडून गेली.

"काय रे अबू तैसीर, डाळीत लोखंड घालून विकतोस?"

"हाज्जा, माझ्या डाळीत साधा खडा निघाला तरी दुकान बंद करीन."

"मग ओढ शटर! हा काय खडा आहे?"

"हे माझ्याकडचं नाही. तुमच्या मुनीरला विचारा, गावातल्या पाण्याच्या टाक्या तो दुरुस्त करतो. मी नाही."

"माझ्या मुलाचं नाव घेऊ नकोस! रमजान आहे म्हणून मी गप्प बसते," फिद्दा म्हणाली आणि त्यानंतर बराच वेळ बोलत होती. शेवटी या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही, असं सांगून ती परतली.

आता पंचाईत अशी, की दुसरं दुकान उताराच्या पार तळाला. तोंडात पाण्याचा थेंब नाही, गुडघे कुरकुरतायत, आणि डाळ तर रोज लागते. मग घरात डाळ कुठं उरली? मोज्यात. फिद्दा आता ती डाळ परातीत पसरून, चष्मा लावून निवडू लागली. आणि काय आश्चर्य, रोज नवे नट! एकदा तर वायसरही निघाला. "वजन भरायला घालतो मेला," ती पुटपुटली आणि ते सगळं पुरावा म्हणून एका वाटीत जमवू लागली.

इकडे रनीमची प्रगती बघावी अशी. पहिल्या आठवड्यात थरथरणारा पाय आता सरळ वर जाऊन टिकायचा.

"रनीम, बाकीच्यांना दाखव गं जरा," मिस हदील म्हणायची. "बघा सगळे. याला म्हणतात पाय."

"मिस, ती चीटिंग करते," झर्का गावचा एक पोरगा आपल्या चौकोनातून ओरडायचा. "तिच्या मोज्यात कापूस आहे."

"ये की सल्तला, तुझ्या डोक्यात घालून दाखवते कापूस आहे का ते!"

एके दिवशी मिस हदील म्हणाली, "हाज्जा, तुम्हीही ऐका. मी डॉक्टरांशी बोलले आहे. असंच चालू राहिलं तर ईदनंतर रनीम शाळेत जाईल."

फिद्दानं दोन्ही हात वर करून दुआ मागितली, रनीमचे मुके घेतले आणि आनंदाच्या भरात सुपासाठी डाळ काढायला मोजा उचलला. ओंजळ काढल्यावर मोजा तिच्या हातात लुळा लोंबला. तिनं तो डोळ्यांसमोर धरला. कापूस! झर्काचं पोरगं खोटं बोलत नव्हतं. पोरगी रिकामा मोजा उचलत होती, बाई खूश होत होती, डॉक्टर हो म्हणत होते, आणि खऱ्या पायऱ्या काही डाळीच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धापा टाकत तळाच्या दुकानात गेली, पिशवीभर डाळ आणली आणि कुणी बघत नाही असं पाहून दोन्ही मोजे भरले. हात काही राखला नाही. पापाचं परिमार्जन करायचं तर कंजुषी कशाला?

त्या दिवशी वर्गात रनीमनं मोजे बांधले आणि पाय उचलला. पाय निम्म्यात थरथरला. तिनं ओठ आवळून पुन्हा उचलला. कपाळावर घाम आला.

"रनीम, थांब. खुर्चीवर बस."

"मी ठीक आहे, मिस."

"बस म्हटलं ना. धाप लागलीय? काल ताप होता? आई आहे का घरात?"

बाकीच्या चौकोनांतले पाय खाली आले. झर्काच्या पोराचाही. सुहैर नुकतीच कामावरून येत होती, ती हातातल्या किल्ल्यांसह तशीच पडद्यासमोर आली.

"घाबरू नका," मिस हदील म्हणाली. या घरात आजवर सगळ्यात जास्त भीती याच शब्दांनी घातली होती. "इतकी चांगली चाललेली मुलगी एका दिवसात अशी होत नाही. उद्या रक्त तपासून घ्या. शाळेचं तूर्त थांबवू."

रनीमनं आईचा हात धरला. "यम्मा, ते परत आलं का गं?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो पांढरा रंग फिद्दाच्या ओळखीचा होता. ती हातातला डाव तसाच धरून पडद्यासमोर धावली.

"अगो बाई, पोरीच्या रक्तात काही नाही! जे आहे ते मोज्यात आहे! मी डाळ काढत होते, पाय हलका झाला. आज परत भरली, जड झाला. मला घाला तुरुंगात, पण तिची शाळा थांबवू नका!"

सुहैरनं हातातल्या किल्ल्या खाली ठेवल्या. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "डाळ काढून काय केलंत, हाज्जा?"

"काय करतात डाळीचं? सूप."

"मोज्यातल्या डाळीचं? माझ्या भावाला? माझ्या मुलीला?"

"नवे कोरे मोजे होते! तूच तर इस्त्री केलेले! आणि डाळ तीनदा धुतली, उकळी तर अशी आणली की पातेलं नाचत होतं."

पडद्यावर मिस हदीलचा हात तोंडावर होता आणि ती हलत नव्हती. इंटरनेट अडकलं होतं की हसू, ते कळेना. मग ती हलली.

"एक मिनिट. काढली तेवढीच परत घातलीत, तर मोजा पहिल्याएवढाच व्हायला हवा. मग आज एवढा जड कसा? वजन करा बघू."

सुहैरनं स्वयंपाकघरातला काटा आणला. एका मोज्याचं वजन ठरल्याच्या दुपटीहून जास्त भरलं.

"ओता परातीत," मिस हदील म्हणाली.

"नको!" रनीम एकदम ओरडली.

पण सुहैरनं नाडी ओढली होती. आधी डाळ सरसर पडली आणि मागोमाग खणखण करत नट, बोल्ट, नळाची एक जुनी तोटी आणि मुनीर दोन आठवडे घरभर शोधत होता तो छोटा पाना.

रनीमनं मान खाली घातली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं मोजा हलका झालाय ते. हलके मोजे उचलून पास झाले आणि शाळेच्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर बसकण मारली तर? म्हणून बाबांच्या डब्यातलं घातलं. दुसऱ्या दिवशी परत हलका. मग परत घातलं, थोडं जास्तच घातलं. रोज कुठं जायचं ते कळत नव्हतं."

"कुठं जायचं?" फिद्दानं कपाळाला हात लावला, आत गेली आणि पुराव्याची वाटी घेऊन आली. "हे बघ. इथं जायचं! आणि तू मला बोलली का नाहीस, तेताची राणी?"

"तू सूप वाढताना इतकी खूश असायचीस. म्हणायचीस, घरात सगळे आहेत, रनीम आहे, आणखी काय पाहिजे. मग मी कसं सांगू, की तेता, डाळ परत दे?"

फिद्दानं वाटी खाली ठेवली आणि तिला जवळ ओढलं. सुहैर रागावण्याच्या बेतात होती, पण तिचे डोळे आधी भरून आले आणि मग तिला हसू फुटलं ते आवरेना.

"हसा नंतर," मिस हदील म्हणाली. "रनीम, हे वजन मी स्वतःच्या पायाला बांधणार नाही. तुझी हाडं अजून कोवळी आहेत, काही मोडलं असतं म्हणजे? पुन्हा असं गुपचूप काही केलंस तर मी स्वतः सल्तला येईन. वजनं इस्पितळातून पाठवते. रक्त उद्याच तपासायचं, शंका नको. आणि हाज्जा—"

"बोल बाई. जे बोलशील ते कबूल."

"सुपात जिरं घालता का हो?"

रक्त ठणठणीत निघालं. इस्पितळाच्या मापाच्या वजनांनी पुन्हा परीक्षा झाली, डॉक्टरांनी स्वतः पडद्यावर बघितली आणि शाळेला परवानगी दिली. फिद्दा ईदच्या आदल्या दिवशी खजूर भरलेली ईदची बिस्किटं, मामूल, घेऊन अबू तैसीरकडे माफी मागायला गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एक मामूल तोंडात टाकला आणि गंभीरपणे विचारलं, "डाळ कुठली देऊ, हाज्जा? साधी की नटवाली?" नायिफला मात्र कुणी काही सांगितलं नाही. त्या रमजानसारखं सूप पुन्हा झालं नाही, असं तो अजूनही म्हणतो.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून शाळेचा आठवडा सुरू झाला त्या ईदनंतरच्या रविवारी सकाळी मुनीर, सुहैर आणि फिद्दा तिघंही शाळेच्या पायऱ्यांखाली उभे होते. सोबत येऊ नका, असं रनीमनं बजावलं होतं, म्हणून ते फक्त उभे होते. रनीम हळूहळू चढत होती. मध्ये एकदा कठडा धरून थांबली तेव्हा तिघांनीही श्वास रोखला. मग पुन्हा चढू लागली.

"वळणावर पोचली की मागं बघेल," सुहैर म्हणाली. तिनं हात वर करून ठेवला.

वळणावर दोन मैत्रिणी वाट बघत होत्या. त्यातली एक काहीतरी बोलली, रनीमनं तिच्या पाठीत दप्तर हाणलं, आणि मोठमोठ्यानं भांडत तिघी वळणाआड गेल्या.

सुहैरचा हात तसाच वर राहिला. समोरच्या बेकरीवाल्याला वाटलं आपल्यालाच, त्यानंही हात हलवला.

"एकदासुद्धा बघितलं नाही हो, हाज्जा," सुहैर रडवेल्या आवाजात म्हणाली.

"नाही ना बघितलं?" फिद्दा खालच्या पायरीवर टेकली. ओढणीच्या टोकानं तिनं आधी एक डोळा पुसला, मग दुसरा, आणि पोरीचा पहिला नंबर आल्यासारखी बेकरीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साफ विसरली आपल्याला!"